हवानाचा डासवाला डॉक्टर : कार्लोस फिनले



दरवर्षी 20 ऑगस्टला आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर जागतिक डास दिनाची माहिती सांगितली जाते. 1897 साली याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले, ही गोष्ट आता पाचवीच्या मुलांनाही पाठ झाली आहे. गेल्या वर्षी ही माहिती सांगून झाली आणि सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. रॉस यांच्या आधी कोणालाच डासाचा संशय आला नव्हता का, असा तिचा प्रश्न होता. आम्ही त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले आणि मुलांना वर्गात पाठवले. पण उत्तर अपुरे होते हे आम्हाला ठाऊक होते. हा लेख म्हणजे तेच राहून गेलेले उत्तर आहे.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पीत ज्वराचे नाव एका ओळीत येऊन जात असे. रोगाचे नाव, पसरवणाऱ्याचे नाव, की झाले! त्या एका ओळीमागे एका माणसाची वीस वर्षे उभी आहेत, हे कळायला आम्हाला पन्नाशी ओलांडावी लागली. त्या माणसाचे नाव कार्लोस फिनले. योगायोग असा की त्यांचे निधनही 20 ऑगस्टलाच झाले, 1915 साली.

फिनले यांचा जन्म 3 डिसेंबर 1833 रोजी क्यूबा बेटावरच्या एका गावी झाला. त्या गावाला आज कामाग्वे म्हणतात. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. वडील स्कॉटलंडचे, धंद्याने डॉक्टर, आई फ्रेंच. घरी कॉफीचा मळा होता. लहानपणी शिकवायला आत्या होती. अकराव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवले, पण तिथे त्याला एक आजार झाला. हातपाय आपोआप झटके घेऊ लागत. त्यातून तो बरा झाला, पण बोलण्यात अडखळणे मागे राहिले ते जन्मभर. पुढे पुन्हा युरोपात शिकायला गेला आणि विषमज्वराने परत आला. असे शिक्षण तुकड्यातुकड्यांत झाले. हवानाच्या विद्यापीठाने त्याची फ्रान्समधली शिक्षणाची कागदपत्रे मानली नाहीत. मग अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जाऊन 1855 साली तो डॉक्टर झाला. आपल्याकडे 1857 चा उठाव व्हायला अजून दोन वर्षे होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

हवानात त्यांनी दवाखाना थाटला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणून त्यांची ओळख होती. गरिबांकडून ते पैसे घेत नसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पाच भाषा येत आणि बुद्धिबळाचा नाद होता. एवढेच असते तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. पण हवाना शहरात एक रोग ठाण मांडून बसला होता आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणाही डॉक्टरला शक्य नव्हते.

तो रोग म्हणजे पीतज्वर. आपल्याकडे हा रोग नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. आधी जोराचा ताप, डोके आणि कंबर दुखणे. तीन-चार दिवसांनी बरे वाटू लागते आणि पुष्कळ रोगी खरोखर बरे होतात. पण काहींना ताप उलटतो. यकृत बिघडते, डोळे आणि कातडी पिवळी पडते, हिरड्यांतून रक्त येते आणि उलटी काळी होते, कारण तिच्यात पोटातले रक्त असते. काळी उलटी झालेला रोगी फारसा वाचत नसे. हवानात सुमारे 140 वर्षे असे एकही वर्ष गेले नव्हते, की ज्यात पीतज्वराने माणसे गेली नाहीत. त्यातही विशेष असे, की जन्मापासून तिथे राहिलेल्यांना तो क्वचितच होई. लहानपणी सौम्य ताप येऊन गेलेला असे आणि त्याचे संरक्षण जन्मभर पुरे. मरत ते नुकतेच बोटीतून उतरलेले स्पॅनिश सैनिक आणि मजूर.

हा रोग पसरतो कसा? बहुतेकांचे मत असे, की रोग्याचे कपडे आणि अंथरुणे यांतून. म्हणून ती जाळून टाकत. दुसरे मत, की घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेतून. फिनले यांचेही आधी असेच काहीसे मत होते! हवानाच्या हवेत क्षार जास्त आहे आणि त्याचा या रोगाशी संबंध असावा, असे त्यांना वाटे. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे हवा तपासून आकडे मांडले. ते सारे चुकीच्या वाटेवरचे काम होते. आम्हाला या गृहस्थांविषयी जो आदर वाटतो तो इथून सुरू होतो. चाळिशी ओलांडल्यावर आपले इतक्या वर्षांचे काम त्यांनी बाजूला ठेवले. आकडे त्यांना पुढे नेत नव्हते, एवढे कारण त्यांना पुरले.

1879 साली अमेरिकेने पीतज्वराच्या तपासासाठी एक मंडळ हवानाला पाठवले आणि स्पॅनिश सरकारने फिनले यांना त्यांच्या मदतीला दिले. मंडळाने रोगाने दगावलेल्यांच्या शरीराचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तपेशी बाहेर पडलेल्या दिसत होत्या. मंडळ फार काही हाती न लागता परत गेले. फिनले मात्र विचार करत राहिले. रोग जर रक्तवाहिनीच्या आत असेल, तर एका माणसाच्या रक्तवाहिनीतून तो काढून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत नेणारी सुई कुठेतरी असली पाहिजे. कपडे आणि हवा हे काम कसे करतील?

इथे एक गंमतीची गोष्ट सांगतो. ती आपल्या माळव्याच्या गव्हाशी जुळणारी आहे. फिनले यांनी वनस्पतिशास्त्राच्या एका पुस्तकात गव्हावरच्या तांबेऱ्याची माहिती वाचली होती. तांबेरा म्हणजे आपले शेतकरी ज्याला गेरुआ म्हणतात तो. थंड मुलखात तो काही काळ गव्हावर वाढतो आणि काही काळ बार्बेरी नावाच्या झुडपावर. हे झुडूप आपल्या दारुहळदीच्या जातकुळीतले. बार्बेरी तोडून टाकली की गव्हावरचा तांबेराही कमी होतो. म्हणजे रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये तिसरा कोणीतरी असू शकतो. माणसाच्या रोगातही असा तिसरा असेल का, असे फिनले यांच्या मनात आले.

हा तिसरा कोण हे त्यांनी ज्या रीतीने शोधले, ती रीत आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. त्यांनी आधी रोगाच्या सवयी लिहून काढल्या. तो उन्हाळ्यात वाढतो, थंडीत थांबतो. उंच डोंगराळ भागात होत नाही. शहरात, बंदरात, घरादारांत होतो. शेजारच्या घराला सोडून पलीकडच्या घरात उडी मारतो. मग त्यांनी हवानातल्या डासांच्या सवयी पाहायला घेतल्या. काचेच्या नळ्यांत डास पाळले. कोणता दिवसा चावतो, कोणता रात्री, किती थंडीत चावायचे थांबतो, अंडी कुठे घालतो, हे रोज टिपून ठेवले. एका जातीच्या पायांवर पांढरे पट्टे होते. ती माणसाच्या घरात राही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घाली आणि तिची मादी एकदा रक्त पिऊन थांबत नसे, पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या माणसांना चावत असे. रोगाच्या सवयी आणि या डासाच्या सवयी जोडीने ठेवल्या तर तंतोतंत जुळत होत्या. जात नक्की करण्यासाठी त्यांनी नमुने क्यूबाचे मोठे निसर्गशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांच्याकडे पाठवले. आज या डासाला एडीस इजिप्ती म्हणतात. आपल्या कूलरमध्ये वाढून डेंग्यू आणि चिकनगुन्या पसरवतो तोच हा!

18 फेब्रुवारी 1881 रोजी वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत फिनले यांनी प्रथम सांगितले, की रोगी आणि निरोगी यांच्याशिवाय रोग नेणारे तिसरे स्वतंत्र काहीतरी असले पाहिजे. त्या वेळी त्यांनी डासाचे नाव घेतले नाही. ते घेतले 14 ऑगस्ट 1881 रोजी, हवानाच्या वैद्यक अकादमीसमोर. बोलताना अडखळणारे हे डॉक्टर सभेपुढे उभे राहून एका डासाचे वर्णन वाचत होते. वाचन संपले. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी विरोध केला नाही, कोणी समर्थनही केले नाही. निबंध दाखल करून घेतला आणि सभा पुढच्या कामाकडे वळली. विरोध परवडला, त्यात निदान उत्तर देता येते. हे मौन त्यांना पुढे एकोणीस वर्षे पुरले.

सातवीतल्या त्या मुलीसाठी इथे एक दुरुस्ती. डासावर पहिला संशय फिनले यांचाच, असे म्हटले तर ते बरोबर होणार नाही. पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये 1877 च्या सुमारास हत्तीरोगाचे बारीक जंत डासाच्या शरीरात वाढताना पाहिले होते. पण डास मेल्यावर ते जंत पाण्यात उतरतात आणि पाण्यातून माणसात जातात, असे मॅन्सन तेव्हा समजत होते. एका माणसाला चावून दुसऱ्या माणसात रोग घालणारा डास ही कल्पना नेमक्या एका जातीचे नाव घेऊन मांडली ती फिनले यांनी, रॉस यांच्या सोळा वर्षे आधी.

अकादमीत वाचन करण्याआधीच, जून 1881 पासून, फिनले यांनी माणसांवर प्रयोग सुरू केले होते. पीतज्वराच्या रोग्याच्या दंडावर ते डासाची नळी उपडी धरत, डास रक्त प्यायला की नळीला कापसाचा बोळा लावत आणि काही दिवसांनी तो डास नुकत्याच आलेल्या एखाद्या स्वयंसेवकाला चावू देत. सहकारी डॉ. क्लॉदिओ देल्गादो यांच्यासह वीस वर्षांत त्यांनी असे शंभराहून अधिक प्रयोग केले. स्वयंसेवकांत सैनिक होते, नव्याने आलेले पाद्री होते. काहींना हलका ताप आला. बहुतेकांना काहीच झाले नाही. ठसठशीत पीतज्वर, ज्याच्याकडे बोट दाखवून सांगावे की हा डासाने दिला, असा त्यांना सिद्ध करता आला नाही. गावात लोक त्यांना डासवाला म्हणू लागले.

का जमले नाही? याची कारणे आज कळतात. पीतज्वराच्या रोग्याच्या रक्तात विषाणू पहिले तीन-चार दिवसच भरपूर असतो. फिनले यांचे डास पुष्कळदा त्यानंतर रोग्याला चावलेले असत. दुसरे, आणि मोठे कारण असे, की विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर तो डास चावला तरी रोग देत नाही. फिनले डासाला टोचणीची सुई समजत होते. सुईला थांबावे लागत नाही, म्हणून ते दोन ते पाच दिवसांतच डास चावू देत. शंभर वेळा ते दाराशी येऊन परत फिरले आणि दार उघडायला फक्त एक आठवडा हवा होता.

तिसरे कारण आम्हाला सगळ्यांत जास्त भिडते. स्वयंसेवक मरू नये याची त्यांना काळजी होती. देवीच्या लसीसारखा हलका रोग देऊन जन्माचे संरक्षण द्यावे, असा त्यांचा हेतू होता. म्हणून ते एका माणसाला एक किंवा दोनच डास चावू देत. जास्त डास लावले असते, रोग जोराचा येऊ दिला असता, तर कदाचित पुरावा लवकर हाती आला असता. पण त्या पुराव्याची किंमत एखाद्या परक्या तरुणाने जिवाने दिली असती. फिनले यांनी ते केले नाही.

त्यांच्याकडून चुकाही झाल्या, त्या लपवायचे कारण नाही. रोगाचे कारण म्हणून त्यांनी आणि देल्गादो यांनी एका गोल जंतूचे नाव पुढे केले होते. ते साफ चुकीचे निघाले आणि त्यामुळे डासाच्या कल्पनेवरचा लोकांचा विश्वास आणखी कमी झाला असणार.

1898 साली स्पेन आणि अमेरिका यांचे युद्ध झाले. चौसष्ट वर्षांचे फिनले अमेरिकी सैन्याबरोबर सांतियागोच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला गेले. युद्धानंतर हवानाचा कारभार अमेरिकेकडे आला. अमेरिकनांनी शहर झाडून लख्ख केले. तरी 1900 साली पीतज्वर पुन्हा उसळला. घाणीने रोग होतो म्हणणाऱ्यांची बोलतीच बंद झाली. जून 1900 मध्ये वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लेझियर आणि अरिस्तिदेस आग्रामोन्ते या चार डॉक्टरांचे मंडळ आले. जंतू शोधण्यात त्यांचे काही आठवडे गेले, हाती काही लागले नाही. शेवटी ऑगस्टमध्ये ते वृद्ध फिनले यांच्या घरी गेले.

या प्रसंगी आपण असतो तर काय केले असते, असा विचार आमच्या मनात येतो. एकोणीस वर्षे ज्यांनी ऐकले नाही, त्यांच्याच पंथातले लोक आता दारात उभे होते. ते यशस्वी झाले तर नाव त्यांचे होणार हे उघड होते. फिनले यांनी आपली टिपणे त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या पट्टेदार डासाची अंडी त्यांच्या हाती दिली. त्या अंड्यांतून निघालेल्या डासांवर पुढचे प्रयोग झाले.

हेन्री कार्टर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने मिसिसिपीतल्या खेड्यांत एक गोष्ट टिपली होती. एखाद्या घरात पहिला रोगी आला की त्या घरातला दुसरा रोगी लगेच होत नाही, मध्ये दोन-तीन आठवडे जातात. मधले हे दिवस रोग कुठे असतो? डासात! फिनले यांचा डास आणि कार्टर यांचे दिवस एकत्र आले आणि कोडे सुटले. 27 ऑगस्ट 1900 रोजी कॅरोल यांनी स्वतःच्या दंडावर एक डास चावून घेतला. तो डास बारा दिवसांपूर्वी एका रोग्याला चावलेला होता. कॅरोल मरता मरता वाचले. लेझियर मात्र 25 सप्टेंबरला पीतज्वराने गेले. ते अवघे चौतीस वर्षांचे होते.

मग रीड यांनी हवानाजवळ एक छावणी उभारली आणि तिला लेझियर यांचे नाव दिले. तिथे दोन खोपटी बांधली. पहिल्यात पीतज्वराच्या रोग्यांची घाण झालेली अंथरुणे पसरली आणि तीन माणसे वीस रात्री त्यांतच झोपली. कोणालाही काही झाले नाही. दुसरे खोपटे स्वच्छ होते, मध्ये बारीक जाळी लावून त्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला डास सोडले होते. त्या बाजूचा माणूस आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. इतके साधे होते ते! इथे भाग घेणाऱ्यांकडून लेखी संमती घेतली होती आणि त्यांना पैसेही दिले होते. माणसांवरच्या प्रयोगांत लेखी संमतीचा हा फार जुना दाखला मानतात. तरी जिवाचा सौदा तो सौदाच, असे आम्हाला वाटते.

1901 मध्ये कॅरोल यांनी दाखवले, की रोग्याच्या रक्ताचे पाणी सगळे जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गेले तरी रोग देते. माणसाच्या रोगाला विषाणू कारण असतो, हे प्रथम पीतज्वरातच सिद्ध झाले.

विल्यम गोर्गस हे हवानाचे आरोग्य अधिकारी. त्यांचा आधी डासावर विश्वास नव्हता. पटल्यावर मात्र त्यांनी घरोघर माणसे पाठवली. पाण्याचे पिंप झाका, डबक्यात रॉकेल ओता, उघडे पाणी दिसले तर दंड. फिनले हेच तर सांगत आले होते. 1901 च्या फेब्रुवारीत काम सुरू झाले आणि सप्टेंबरच्या शेवटी हवानातला शेवटचा रोगी नोंदला गेला. 140 वर्षांचा रोग आठ महिन्यांत! पुढे गोर्गस पनामात गेले. तिथे फ्रेंचांचा कालवा रोगांनी बुडवला होता, सुमारे वीस हजार माणसे मेली होती. फ्रेंचांच्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत आणि बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची आळी करत. म्हणजे डास रोग्याच्या खाटेखालीच जन्माला येत होते.

रीड 1902 साली पोटाच्या आजाराने गेले. जगात त्यांचेच नाव मोठे झाले आणि फिनले यांचे नाव तळटिपेत गेले. रीड यांनी फिनले यांचे ऋण लिहून मान्य केले होते, हे मात्र सांगितले पाहिजे. 1902 साली स्वतंत्र क्यूबाने फिनले यांना देशाचे मुख्य आरोग्य अधिकारी नेमले. त्या खुर्चीवर बसून त्यांनी नवजात बाळांच्या धनुर्वाताकडे लक्ष दिले. नाळ बांधायचा दोराच अस्वच्छ असतो हे त्यांनी ओळखले आणि निर्जंतुक दोऱ्याच्या पुड्या वाटायला लावल्या. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सात वेळा सुचवले गेले, ते मिळाले नाही.

फिनले गेले तेव्हा डॉक्टरांना वाटत होते, की शहरातला डास संपवला की पीतज्वर जगातून जाईल. इथे एक वेगळीच गोष्ट पुढे आली, आणि ती आपल्या दाराशी येऊन थांबते.

1927 साली पश्चिम आफ्रिकेत एका रोग्याच्या रक्तातून पीतज्वराचा विषाणू वेगळा मिळाला. तो मिळाला ऱ्हीसस माकडामुळे, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्या जातीमुळे. ते रक्त टोचल्यावर हे माकड आजारी पडले. माकडालाही हा रोग होतो हे पक्के झाले. मग 1932 साली ब्राझीलच्या एका ग्रामीण खोऱ्यात पीतज्वर आला आणि तिथे फिनले यांचा पट्टेदार डास औषधालाही नव्हता. विषाणू जंगलात राहत होता. माकडाकडून डासाकडे आणि डासाकडून माकडाकडे असे त्याचे चक्र चालू होते, पण ते डास वेगळ्या जातीचे होते आणि झाडांच्या शेंड्यांवर राहत होते. जमिनीवर शोधणाऱ्यांना ते सापडत नव्हते. कोलंबियाच्या जंगलात डॉ. होर्हे बोशेल यांच्यासमोर लाकूडतोड्यांनी एक मोठे झाड पाडले आणि निळ्या चमकदार डासांचा थवा त्या माणसांभोवती जमला. शेंड्यावरचे डास झाडाबरोबर खाली आले होते. लाकूडतोडे आजारी का पडतात, याचे उत्तर तिथे मिळाले.

तेव्हापासून त्या मुलखात जंगलावर नजर ठेवतात. झाडांवर मचाण बांधून डास पकडतात आणि त्यांच्यात विषाणू आहे का ते तपासतात. तिथल्या ओरडणाऱ्या हाऊलर माकडांना पीतज्वर लगेच मारतो. त्यामुळे जंगल अचानक गप्प झाले, माकडे मरून पडलेली दिसली, की माणसांना लस टोचायची वेळ झाली असे समजतात. ब्राझीलमध्ये 2016 ते 2018 या काळात मोठी साथ आली, दोन हजारांहून अधिक माणसांना रोग झाला. त्या वेळी काही लोकांनी घाबरून माकडांनाच मारले. म्हणजे ओरडून जागे करणाऱ्या चौकीदारालाच चोर समजून ठोकण्यासारखे झाले.

आता आपल्याकडे या. पुण्यात 1952 साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाजवळ वानरे आणि माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. पीतज्वर भारतात आला की काय, ही पहिली भीती होती. पुण्याच्या पथकाने मेलेली माकडे तपासली. विषाणू निघाला, पण वेगळा. आणि तो पसरवणारा डास नव्हता, गोचीड होती. त्याच क्यासनूरच्या जंगलात काम करायला पुढे कोलंबियाचे तेच डॉ. बोशेल आले होते. हा माकडताप 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गात पोचला. तिकडच्या आपल्या नातेवाइकांना विचारा. रानात माकड मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे, हे त्यांना ठाऊक असते.

पीतज्वर मात्र भारतात नाही. फिनले यांचा डास इथे गल्लोगल्ली आहे, रोग होऊ शकणारी माकडे आहेत, फक्त विषाणू नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला मागतात, नसेल तर वेगळे ठेवतात. विमानतळाभोवतीची 400 मीटर जागा डासांच्या पैदाशीपासून मोकळी ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

या लेखाची तयारी चालू असताना सातवीच्या वर्गाने शनिवारी शाळेतले साठलेले पाणी तपासायचे ठरवले. हातात वही-पेन्सिल, बरोबर एक बॅटरी. कूलर कोरडे निघाले, टाकीचे झाकण बसलेले होते, मैदानातल्या जुन्या टायरांत थोडे पाणी होते पण अळ्या नव्हत्या. अळ्या एकाच ठिकाणी सापडल्या. आमच्या खोलीच्या खिडकीत मनीप्लांट लावलेली काचेची बाटली आहे, तिच्यात. मुलीने बॅटरी धरून मोजल्या, अकरा भरल्या. वहीत तिने तारीख घातली, जागेच्या रकान्यात प्राचार्यांची खोली असे लिहिले आणि सहीसाठी वही आमच्यापुढे ठेवली. आम्ही सही केली.